घागर कुणी वाजवली

घागर फुटल्याचा आवाज आला तेव्हा मी नळावरून पाणी भरून येत होतो. वाटलं, मांजर गेलं असेल भट्टीवरून. मग दुसरी फुटली. मग तिसरी. प्रत्येक वेळी मध्ये सारखाच वेळ गेला होता. मांजर असं बेतानं फोडत नाही. मी बादली तिथेच सोडून मागच्या अंगणात धावलो.

केवळबाई, माझी बायको, पाटावर बसली होती. एक घागर मांडीवर घ्यायची, बोटाच्या पेरानं टक्क करून वाजवायची, मान वाकडी करून ऐकायची आणि शेजारच्या दगडावर आपटायची. मी नळावर होतो तेवढ्या वेळात खापरांचा ढीग तिच्या गुडघ्यापर्यंत आला होता.

"अगं, काय करू राहिली तू?"

"तुम्ही काय करून ठेवलं ते बघा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "सगळ्या कच्च्या. एक पण बोलत नाही. भट्टी बसली तुमची."

"रंग बघ की त्यांचा! कशा लाल निघाल्या आहेत."

"रंगाला काय चाटायचंय?"

तिनं पुढची घागर उचलली. मी ती ओढून घेतली आणि वाजवली. खणकन आवाज आला आणि बराच वेळ हवेत राहिला. शेजारच्या ओट्यावर दाणे निवडत बसलेल्या काकूनं मान वर करून बघितलं.

"ऐकलंस?"

"काय?"

"घागर."

ती माझ्या बोटाकडे बघत राहिली. "परत वाजवा." मी तिच्या कानाजवळ नेऊन वाजवली.

"टक्क ऐकू आलं," ती म्हणाली. "पुढचं काही नाही."

मग तिचा हात कानाकडे गेला. दोन्ही कानांत ऐकण्याची मशीनं होती, जागच्या जागी. तिनं खाली खापरांकडे बघितलं. एकतीस घागरी होत्या. सगळ्या चांगल्या. आखाजी चार दिवसांवर आली होती.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी एरंडोलचा. जातीनं कुंभार आणि धंद्यानंही. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. नवी घागर, त्यात पाणी, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, पुरणपोळीचा नैवेद्य करायचा, निखाऱ्यावर आगारी, म्हणजे तूप आणि नैवेद्याचा घास, टाकायची. ज्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलं असेल, त्या घरची घागर बघायला तर सगळी भावकी जमते. ती गळली तर गेलेल्या माणसाला पाणी पोचलं नाही असं म्हणतात. खरं खोटं देव जाणे, पण घरच्या माणसाच्या मनातून ते जात नाही.

म्हणून आखाजीच्या बाजारात लोक केवळबाईकडे यायचे. तिच्यापेक्षा स्वस्त देणारे चार जण शेजारी बसायचे. पण केवळबाई प्रत्येक घागर गिऱ्हाइकासमोर वाजवायची आणि पटली तरच "घ्या" म्हणायची. तिनं घ्या म्हटलं की कुणी परत वाजवून बघत नसे. घागर घडवायचो मी, पण मान होता तिच्या कानाला.

आमच्या घरात एक शिस्त होती, माझ्या आईनं घालून दिलेली. ज्यानं घागर घडवली त्यानं ती वाजवायची नाही. आई म्हणायची, आपल्या हातचं आपल्याला नेहमी चांगलंच ऐकू येतं. माझ्या वडलांच्या घागरी आई वाजवायची, माझ्या केवळबाई वाजवायची. त्या दिवशी अंगणात मी पहिल्यांदा माझीच घागर वाजवली.

पन्नाशीनंतर तिचे कान जड झाले. सुरतेहून मुलानं हट्टानं कानाची मशीनं घेऊन दिली. मोबाइलवरून चालणारी. जळगावच्या तडवी सरांच्या सेंटरमध्ये ती बसवली. तडवी सर भला माणूस. त्यांनी मशीन लावून विचारलं, "आता येतंय ना ऐकू?" केवळबाई म्हणाली, "तुमचं येतंय. पण मला घागर ऐकायची आहे." सर हसले नाहीत. म्हणाले, "मग घागर घेऊन या."

पुढच्या आठवड्यात आम्ही पोत्यात तीन घागरी घेऊन एसटीनं गेलो. कंडक्टर म्हणाला, "आप्पा, ह्या तिघींचं हाफ तिकीट काढू का?" एक घागर चांगली, एक कच्ची, एक तडा गेलेली. तडवी सरांनी दार लावून घेतलं, कॉम्प्युटरवर बारीकबारीक फरक करत गेले, ती वाजवत गेली, आणि दीड तासानं ती म्हणाली, "बस. आता तिघी वेगळ्या बोलतात." सरांनी तो प्रोग्राम मशीनमध्ये वेगळा ठेवून दिला आणि त्याला नाव दिलं 'बाजार'. मोबाइलवर 'बाजार' दाबलं की झालं. चार वर्षं तिनं त्यावर काढली.

अंगणात खापरांशेजारी बसून मी मोबाइल उघडला. 'बाजार' कुठेच नव्हतं. जुनं चित्रच नव्हतं. निळ्या रंगाचं नवीन काहीतरी होतं.

"काल तुम्ही ह्यात काय दाबलं?" केवळबाईनं विचारलं.

"मी काही नाही दाबलं."

"रात्री दाबत होतात. मी बघितलं."

दाबलं होतं. आठ-दहा दिवस सारखं येत होतं, 'नवीन अॅप घ्या, जुनी सेवा बंद होत आहे.' आधी खाली 'नंतर' असं बारीक अक्षरात असायचं, मी तेच दाबायचो. काल 'नंतर' नव्हतंच. एकच हिरवं बटण होतं, 'मला मान्य आहे.' ते दाबल्याशिवाय मोबाइल पुढे सरकत नव्हता. आता मान्य नसलेल्या माणसानं काय दाबायचं?

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं जळगाव गाठलं. तडवी सरांनी मशीनं कॉम्प्युटरला जोडली, बराच वेळ खटपट केली, मग खुर्ची मागे सरकवली.

"आप्पा, हे माझ्या हातातून गेलं."

"म्हणजे?"

"ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीनं घेतली. जुना प्रोग्राम त्यांनी पुसला, नवीन टाकला. तो उघडायची परवानगी आता फक्त त्यांच्या स्वतःच्या दुकानांना. माझा कॉम्प्युटर मशीन ओळखतो, पण मशीन मला ओळखत नाही."

"पण मशीन आमचं आहे ना?"

"मशीन तुमचं आहे," सर म्हणाले. "आतलं त्यांचं आहे."

केवळबाई ऐकत होती. माणसांचं बोलणं तिला नीट ऐकू येत होतं, पहिल्यापेक्षाही नीट. तिनं विचारलं, "मग घागरीनंच काय घोडं मारलं?"

सरांनी तिला समजावलं. कानाच्या मशीनमधून कधी कधी शिट्टी येते. ती शिट्टी दाबायची सोय नव्या प्रोग्रामात आहे. घागरीचा आवाज लांबत जातो, मशीनला तो शिट्टीच वाटतो, म्हणून ते टक्क झालं की पुढचं कापून टाकतं.

"म्हणजे चांगली घागर कापतं," केवळबाई म्हणाली.

"हो."

"आणि फुटकी?"

"फुटकी लांबतच नाही. तिच्यात कापायला काही नसतं."

"मग माझ्या कानाला दोघी सारख्याच."

सरांनी कंपनीला आमच्यासमोर फोन लावला आणि मोठ्या आवाजात ठेवला. आधी गाणं वाजलं. मग एक, दोन, तीन दाबा. मग पुन्हा गाणं. पाऊण तासानं एक मुलगी बोलायला आली. बोलणं गोड होतं.

"सर, मॅमना आत्ता माझा आवाज ऐकू येतोय का?"

केवळबाई पुढे वाकून म्हणाली, "येतोय ना, बाई."

"थँक यू मॅम. सर, म्हणजे डिव्हाइस व्यवस्थित काम करतंय."

"बाई, तिला माणसं ऐकू येतात," मी म्हणालो. "घागर ऐकू येत नाही."

"घागर म्हणजे, सर?"

"मडकं."

 "सर, आमचं डिव्हाइस मडक्यासाठी नाहीये."

"चार वर्षं होतं की!"

"सर, आता ते अधिक चांगलं झालंय. नको असलेले आवाज ते आपोआप काढून टाकतं."

"अगं माय, नको कुणाला?" केवळबाई म्हणाली. "मला विचारलं का कुणी?"

मुलगी म्हणाली की पुण्याला त्यांचं दुकान आहे, तिथे नवीन मॉडेल घेतलं तर त्यात आवाजाच्या जास्तीच्या सोयी मिळतील. तारीख पुढच्या महिन्याची मिळेल. तोवर ती आमची तक्रार नोंदवून घेते. अकरा आकड्यांचा नंबर तिनं दिला, तडवी सरांनी तो कागदावर लिहून माझ्या खिशात घातला. मला वाटलं, नंबर दिला आहे म्हणजे कुणीतरी बघेल.

परतीच्या गाडीत पाळधीच्या पुढे मोबाइल वाजला. मी वाचून दाखवलं, "'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. आम्हाला पाचपैकी किती तारे द्याल?'"

"कसले तारे?"

"काम कसं केलं त्याचे."

"काम कुठे केलं?"

"नाही केलं म्हणून तर विचारतात. केलं असतं तर त्यांना माहीत नसतं का?"

ती हसली. त्या तीन दिवसांत तेवढीच एकदा. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी यंदा बसत नाही बाजारात."

 रात्री जेवताना म्हणालो, "लोक येतील. तू नसलीस तर म्हणतील केवळबाईच्या घागरींना काहीतरी झालंय."

"झालंय ते मला झालंय."

"मी शेजारी बसतो. तू वाजव, मी ऐकतो. चांगली असली की मान हलवीन. लोकांना कळणार पण नाही."

तिनं घास ताटात ठेवला. "आईंनी काय सांगितलं होतं?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"तुमची घागर तुम्हीच ऐकणार?"

"मग कोण ऐकणार? ती कंपनीवाली?"

 मग ताट घेऊन उठताना म्हणाली, "शंका आली तर हलवू नका मान. कितीही मोठं गिऱ्हाईक असू द्या."

"नाही हलवणार."

आखाजीच्या आदल्या दिवशी बाजारात उन्हाचा नुसता जाळ होता. आम्ही डोक्यावर पोती बांधून बसलो. ती पुढे, मी तिच्या डाव्या हाताला, घागरींच्या गळ्याला सुतळी बांधत. ती घागर पोटाशी घेऊन वाजवायची आणि हळूच माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की "घ्या" म्हणायची. नाही हलवली की घागर मागे सरकवायची. सकाळभर बरं चाललं. मला उलट मजा वाटायला लागली. सात-आठ घागरी मी बाजूला काढायला लावल्या, तेव्हा वाटलं, आईचं म्हणणं काही खरं नाही, मला माझं वाईटही ऐकू येतं. एकतीस घागरी फुटल्यामुळे माल कमी होता. चार वाजेपर्यंत संपतच आला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा सुंदरबाई महाजन आली. तिचा नवरा दिवाळीत गेला होता. पायी आली होती, तीन कोस. बरोबर कुणी नव्हतं.

"केवळबाई, मला मोठी दे," ती म्हणाली. "ह्यांची पहिली आहे."

"उशीर केला वं."

"सून बाळंतीण आहे. घर सोडवत नव्हतं."

मोठी घागर एकच उरली होती. बाकी दोन लहान होत्या, पोरींच्या खेळातल्या म्हणाव्यात अशा. शेजारच्या दुकानांत माल होता, पण सुंदरबाई तिकडे बघतही नव्हती. ती केवळबाईसमोर उकिडवी बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली.

केवळबाईनं घागर पोटाशी धरली. वाजवली. माझ्याकडे बघितलं. परत वाजवली. परत बघितलं.

मी मान हलवली.

"घे," केवळबाई म्हणाली.

मी सुतळी बांधली. सुंदरबाईनं घागर डोक्यावर घेतली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या घरी नैवेद्य झाला होता. माझ्या आईवडलांच्या घागरीवर डांगर ठेवलं होतं, आगारी टाकून मी नुकताच हात धुतला होता. दारात सुंदरबाई दिसली. तिच्याबरोबर तिचा दीर होता. तिनं पदराखालून घागर काढली आणि उंबऱ्याच्या आत ठेवली. अगदी हळू ठेवली.

"सकाळी सहाला भरली," ती म्हणाली. "बाराला नैवेद्य दाखवायला गेले तर पाटाखाली सगळा चिखल. आत वीतभर पण पाणी नव्हतं."

केवळबाई घागरीजवळ बसली. तिनं तिच्या पोटावरून हात फिरवला. बुडाजवळ केसासारखी चीर होती, ओल धरल्यामुळे आता काळी दिसत होती.

"सगळे बसले होते," सुंदरबाई म्हणाली. "जाऊबाई म्हणाल्या, त्यानं घेतलं नाही पाणी. म्हणे शेवटी शेवटी तुझ्यावर रागावला होता ना."

"सुंदरबाई, दुसरी देते. आत्ता देते. घरातली देते."

"आता दुसरी काय करू? त्यांची वेळ टळली."

दीर काहीतरी मोठ्यानं बोलणार होता, म्हणून मीच आधी बोललो. "कानाच्या मशीननं दगा दिला हो. कंपनीनं बिघडवून ठेवलं. हिला घागर ऐकूच येत नाही. आम्ही तक्रार केली आहे, हा बघा नंबर." मी खिशातून खरोखरच तो कागद काढला.

सुंदरबाईनं कागदाकडे बघितलं नाही. केवळबाईकडे बघितलं. "ऐकू येत नव्हतं, तर घे का म्हणालीस?"

केवळबाईनं उत्तर दिलं नाही. ती दोघं गेल्यावर तिनं कानातली दोन्ही मशीनं काढली, डबीत ठेवली आणि डबी भिंतीतल्या देवळीत ठेवून दिली. त्यानंतर ती बाजारात बसली नाही.

मला मात्र जोर चढला. मी कंपनीला पत्रं लिहिली. फोन केले. दर वेळी नवीन मुलगी, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं, दर वेळी नवीन नंबर, आणि संध्याकाळी निराकरण झाल्याचा निरोप. घरात एक पिशवी नुसती त्या कागदांची झाली. शेवटी तडवी सरांनीच एका वकील मित्राकडे नेलं आणि आम्ही जळगावच्या ग्राहक मंचात गेलो. तक्रारीत वकिलांनी सगळं लिहिलं. विकलेली वस्तू न विचारता बदलली. चालू सोय काढून घेतली. त्यामुळे तक्रारदाराच्या पत्नीनं सदोष घागर विकली, तिची चाळीस वर्षांची पत गेली, व्यवसाय बंद पडला. वाचताना मला बरं वाटायचं. गावातही मी सगळ्यांना वाचून दाखवायचो. लोक म्हणायचे, सुपडू आप्पा एवढ्या मोठ्या कंपनीला भिडला.

दोन वर्षं तारखा पडल्या. केवळबाई प्रत्येक तारखेला बरोबर यायची. मशीन लावायची नाही. बाकावर हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून बसायची आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची.

तिथे सहसा कागदांवरच चालतं. पण शेवटच्या तारखेला कंपनीच्या वकिलानं मला प्रश्न विचारायचा अर्ज दिला आणि मंचाच्या अध्यक्षबाईंनी मला उभं केलं. वकील पुण्याचा, पोरसवदा, नम्र होता.

"काका, तुम्ही त्या दिवशी बाजारात होतात?"

"होतो."

"बायकोच्या शेजारी?"

"हो."

"तुमचे कान चांगले आहेत?"

"चांगले आहेत."

"घागर तुम्ही घडवता. चाळीस वर्षांचा अनुभव. मग शेजारी बसून तुम्हाला तडा ऐकू आला नाही?"

आमच्या वकिलांनी हरकत घेतली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "साधा प्रश्न आहे. आप्पा, एवढंच सांगा. ती घागर कुणी वाजवली?"

मी मागे वळून बघितलं नाही. म्हणालो, "बायकोनं. मी सुतळी बांधत होतो."

त्यात खोटं काही नव्हतं. तिनंच वाजवली होती, आणि सुतळी मीच बांधत होतो.

पण खरं हे आहे की ती घागर मी ऐकली होती. पहिल्यांदा वाजवली तेव्हाच शंका आली होती. आवाज निघाला, लांबला आणि शेवटी किंचित फाटला. केवळबाईनं दुसऱ्यांदा वाजवली ती माझ्यासाठीच, आणि दुसऱ्यांदाही तो तसाच फाटला. मी मनाशी म्हणालो, नवी घागर थोडी पाझरतेच. म्हणालो, एका दिवसाचं तर काम आहे. म्हणालो, ही बाई आता दिवस मावळताना कुठे जाईल. आणि हेही म्हणालो की एकतीस आधीच गेल्या आहेत, आणि ही माझ्या भट्टीतली सगळ्यांत देखणी घागर आहे. एवढं सगळं एका श्वासात म्हणून झालं आणि मान हलली. हे मी अध्यक्षबाईंना सांगितलं असतं तर आमची बाजू तिथेच पडली असती.

निकाल लिहून मिळायला वेळ लागणार होता, पण बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "जिंकलो म्हणून समजा."

एसटी स्टँडवर आम्ही एरंडोलच्या फलाटावर उभे राहिलो. गर्दी होती. केवळबाईनं माझी बाही ओढली. "बाईंनी शेवटी काय विचारलं?"

मशीन नसताना तिला ऐकवायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायचं. मी ओरडलो, "घागर कुणी वाजवली, विचारलं!"

शेजारी उभी असलेली कॉलेजची पोरं वळून बघायला लागली.

"मग?"

"तू म्हणून सांगितलं!"

तिनं मान डोलावली. "बरोबर सांगितलं. मीच वाजवली."

थोड्या वेळानं ती आपणहून बोलायला लागली. कान गेलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा होतो ते कळत नाही. सगळ्या फलाटाला ऐकू जात होतं. "मशीन बिघडलं ना, त्या तीन दिवसांत मी हातानं शिकत होते. तुम्ही झोपल्यावर. घागर पोटाशी धरून वाजवली की चांगलीचं हाताला कळतं, आत काहीतरी चालल्यासारखं लागतं. बाजारात सकाळपासून बघत होते, तुमची मान आणि माझा हात एकच सांगत होते."

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"सुंदरबाईची हाताला गप्प लागली. दोनदा वाजवली मी. दोनदा गप्प. मग तुमच्याकडे बघितलं. तुम्ही मान हलवली. म्हटलं, माझा हात तीन दिवसांचा, ह्यांचा कान जन्माचा. चुकलं ते माझ्या हाताचं चुकलं असेल."

एवढं बोलून ती गाडी येणाऱ्या वाटेकडे बघायला लागली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती मला काही विचारतही नव्हती. सुंदरबाईला जे उत्तर देता आलं नव्हतं ते ती दोन वर्षांनी मला देत होती, इतकंच.

"मी ऐकलं होतं," मी म्हणालो.

साध्या आवाजात म्हणालो. ओरडलो नाही.

तिनं वळून बघितलं. "काय म्हणता?"

"गाडी लागली!" मी तिच्या कानाशी ओरडलो, आणि खरंच गाडी लागत होती.

निकाल आमच्या बाजूनं लागला. कंपनीनं नवीन मशीनं दिली आणि ती बसवायची परवानगी तडवी सरांनाही दिली. सरांनी फोन करून सांगितलं, घागरी घेऊन या. आम्ही परत तीन घागरी घेऊन गेलो. दीड तास बसून त्यांनी पहिल्यासारखं करून दिलं, पहिल्यापेक्षा चांगलं. बाजारात बसायचं तिनं परत मनावर घेतलं नाही, पण मशीनं मात्र लावली. नातवंडांचं बोलणं ऐकायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "ह्यांनी कंपनीला नमवलं." मी शेजारी असलो तर खाली बघायचो, लोकांना वाटायचं मी लाजलो.

गेल्या मार्गशीर्षात ती गेली. तोवर सहा वर्षं ती मशीनं तिच्या कानात होती. फार चांगली होती. दुसऱ्या खोलीतून मी साध्या आवाजात बोललेलंही तिला ऐकू यायचं.